मशेरीचा तवा

आमच्या घरात दोन तवे होते. एक पोळ्यांचा, तो स्वयंपाकघरात. दुसरा मशेरीचा, तो बाल्कनीत, जुन्या रॉकेलच्या स्टोव्हवर पालथा घातलेला. परळची खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात राहायला आलो, तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. टेम्पोत सामान चढवताना मी तो तवा भंगारात टाकायला निघालो होतो. "तो राहू दे," बायको म्हणाली, "सासूबाईंचा आहे." आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी तवा टेम्पोत ठेवला.

ज्यांच्या घरात हा प्रकार नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, चुरायचं, फडक्यातून गाळून डबीत भरायचं. सकाळी बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना लावायचं, तोंडात धरून थोडा वेळ बसायचं, मग चूळ भरायची. बायका याला दात घासणं म्हणतात. जेवण झाल्यावर, दुपारी, पुन्हा संध्याकाळी दात कशासाठी घासायचे, हे कुणी विचारत नाही.

बायकोला ही सवय माहेरची नव्हती. आमच्या मुलीच्या वेळेला तिची दाढ ठणकायला लागली. डॉक्टर म्हणाले, आत्ता काढता येणार नाही. आई म्हणाली, "जरा मशेरी लाव, थांबेल." ठणका थांबला. बाजारातून तंबाखूचं पान आणून दिलं ते मी. पुढे मुलगी झाली, दाढही काढली, मशेरी तेवढी राहिली.

जेसल पार्कात आल्यावर ती पहिल्यांदा बाल्कनीत मशेरी भाजायला बसली आणि समोरच्या गुजराती बेन खोकत दारात आल्या. "भाभी, ये क्या जलाया? मेरे को तो आंख से पानी आता है." तेव्हापासून भाजण्याचं काम गच्चीवर गेलं. रविवारी सकाळी पाण्याचा टँकर येऊन गेला की बायको स्टोव्ह आणि तवा घेऊन वर जायची. तळमजल्यावरच्या मावशी आपलं पान घेऊन यायच्या. त्या परभणीकडच्या, त्या मिश्री म्हणायच्या. उत्तनजवळच्या चौक गावाहून मासे विकायला येणारी कोळीणही टोपली जिन्याखाली ठेवून वर यायची. तिघींची मशेरी एकाच तव्यावर भाजली जायची. खाली घरात वर्तमानपत्र वाचत असताना मला त्यांचं हसणं ऐकू यायचं आणि बरं वाटायचं. नव्या जागेत बायकोला माणसं मिळाली, असा विचार मी करायचो. दुसरा कुठलाही विचार माझ्या मनात येत नव्हता, आणि नेमकी हीच गोष्ट मला आजपर्यंत समजावून घेता आलेली नाही.

कारण माझी नोकरी. मी मुंबईतल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे. त्या वर्षी आमच्या मॅडम तोंडाच्या कॅन्सरवर संशोधन करत होत्या. श्वासातून घेतलेला प्राणवायू शरीरात वापरला जातो तेव्हा त्यातून काही ठिणग्या उडतात. मी ठिणग्या म्हणतो, कारण मला ते तसंच समजलं आहे. ते अर्धवट राहिलेले, जिथे आदळतील तिथे नुकसान करणारे कण असतात. त्यांना विझवायला पेशीत एन्झाइम असतात. एक एन्झाइम ठिणगीचं पेरॉक्साइड करतं आणि दुसरं त्या पेरॉक्साइडचं पाणी करतं. तंबाखूने ठिणग्या वाढतात. विझवणारे कमी पडले तर पेशीच्या गाभ्यातला नकाशा बिघडतो, आणि बिघडलेल्या नकाशावर पेशी वाढत सुटतात. रुग्णांच्या रक्तात ही एन्झाइम किती उरली आहेत, ते आम्ही मोजत होतो.

मॅडमचा या सगळ्यावर एक इशारा असायचा. "कॅन्सर झाला म्हणून एन्झाइम कमी झालं, की एन्झाइम कमी होतं म्हणून कॅन्सर झाला, हे आपल्या आकड्यांवरून कळत नाही. काही गाठी तर हीच एन्झाइम स्वतःच्या बचावाला वापरतात. तेव्हा घरी जाऊन कुणाला ज्ञान देऊ नका." मी मान डोलवायचो.

रक्त घेण्याआधी रुग्णाला सवयी विचारायचं काम माझ्याकडे होतं. मॅडमनी सुरुवातीलाच शिकवलं होतं की बायकांना नुसतं तंबाखू विचारायचं नाही. त्या नाही म्हणतात आणि खोटंही बोलत नसतात. मशेरी, मिश्री, तपकीर, प्रत्येक शब्द वेगळा विचारायचा. मी तसंच विचारायचो. साताऱ्याकडची एखादी बाई "न्हाई ओ, तंबाखू कशाला खाऊ?" म्हणाली की पुढचा शब्द उच्चारायचो, आणि ती लगेच म्हणायची, "ती लावते की." नव्या मुलांकडून हे राहून गेलं की मी त्यांना हसायचो.

रुग्णांच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी माणसांचंही रक्त लागतं. निरोगी, त्याच वयाच्या, तंबाखू न घेणाऱ्या बायका सहजी मिळेनात. तेव्हा मॅडम म्हणाल्या, आपापल्या घरून कुणी येत असेल तर आणा. मी बायकोला घेऊन गेलो. तिलाही माझी प्रयोगशाळा बघायची होती. एकदा विळीवर तिचं बोट कापलं होतं तेव्हा मी केमिस्टकडचं पेरॉक्साइड जखमेवर ओतून तिला फेस दाखवला होता. "बघ, हे तुझ्या रक्तातलं एन्झाइम. हेच आम्ही मोजतो." ती म्हणाली होती, "चला, घरात आणखी कुणीतरी कामाला आहे म्हणायचं."

तिला खुर्चीवर बसवून मी दंडाला पट्टा बांधला.

"तंबाखू खातेस का?"

"खाते ना, तुमच्यासमोर बसून मळते."

आम्ही दोघं हसलो. मी "नाही" असं टिपलं आणि रक्त घेतलं.

दुपारी तिचा नमुना यंत्राला लावला. नळीत पेरॉक्साइड घालायचं आणि ते रक्तामुळे किती वेगाने नाहीसं होतं ते काट्यावर बघायचं. निरोगी रक्ताला काटा भराभर खाली येतो. तिचा रेंगाळला. मला वाटलं, नमुना बर्फाबाहेर राहिला असेल. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मी मॅडमना म्हणालो, "हा खराब झालाय बहुतेक, काढून टाकू का?"

त्यांनी आकडा बघितला. "सवयी नीट विचारल्यात ना?"

"हो मॅडम. बायकोच आहे माझी."

"काय विचारलंत?"

"तंबाखू खातेस का."

"आणि मशेरी?"

गच्चीवरचा धूर, पालथा तवा, मोरीच्या फळीवरची ॲल्युमिनियमची डबी, सगळं एकदम समोर आलं. रोज दहाजणींना विचारायचा शब्द मी एकीला विचारला नव्हता. विसरलो असतो तरी चाललं असतं. पण मी विसरलो नव्हतो. आमच्या घरात तंबाखू म्हणजे जी वडील चुन्याबरोबर मळायचे ती. मशेरी म्हणजे आईचे दात.

मॅडमना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. त्या म्हणाल्या, "एका नमुन्यावरून काहीही ठरत नाही. निरोगी माणसांतसुद्धा कमीजास्त असतं. आकड्याचं मनाला लावून घेऊ नका. फक्त एकदा तिचं तोंड बघून घ्या."

रविवारी उजेडात मी तिला म्हणालो, "आ कर जरा."

"का? काय झालंय?"

"काही नाही. मॅडमनी सगळ्यांना घरी बघायला सांगितलंय."

उजवीकडे, खालच्या ओठाच्या आत, जिथे तिचं बोट रोज पहिल्यांदा टेकायचं तिथे पांढरा चट्टा होता. साय चिकटल्यासारखा. मी चमच्याच्या मागच्या बाजूने हळूच खरवडून बघितलं. निघाला नाही. असे चट्टे मी प्रयोगशाळेच्या चित्रांत बघितले होते. बरेचसे तसेच राहतात, काही आपोआप जातात, काही पुढे जातात. कुठला पुढे जाईल ते वरून सांगता येत नाही, त्यासाठी तुकडा काढून तपासावा लागतो.

"आहे का काही?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "दात जरा काळे झालेत."

"मशेरीने काळे नाही होणार तर काय गोरे होणार?"

हा एक शब्द, "नाही", मी का उच्चारला याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. ती घाबरेल. मुलीची सहामाही आहे. माझी भावंडं म्हणतील, जागा लाभली नाही. खरं कारण एवढंच होतं की तुकडा काढला की उत्तर येणार, आणि ते मला यायला नको होतं. रोज दुसऱ्यांची उत्तरं मी पाकिटात घालून पुढे पाठवत होतो.

मग मी ते केलं, जे न करायला मॅडमनी सांगितलं होतं. त्या दिवसांत अँटिऑक्सिडंट हा शब्द वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत नवा नवा आला होता. केमिस्टकडे नारिंगी कॅप्सूलच्या बाटल्या दिसायला लागल्या होत्या. मी हिशेब केला की एन्झाइम कमी असेल तर त्याला बाहेरून मदत पाठवू. बाटली घेऊन घरी आलो.

"ही कसली?"

"ताकदीची. तंबाखूचा त्रास होतो ना शरीराला, तो कमी होतो याने. आणि मशेरी बंद कर आता."

"मशेरी बंद केली तर माझं पोट साफ होणार नाही, मग त्याची गोळी आणाल."

"थोडी कमी कर मग."

"बघते," ती म्हणाली, आणि पाण्याबरोबर कॅप्सूल गिळली. तिने ती रोज गिळली. मला त्या कॅप्सूलकडे बघून झोप लागायची. तरी मी तिच्या नकळत तिचं तोंड बघायला लागलो. ती जांभई द्यायची तेव्हा. हसायची तेव्हा. तिखट खाल्ल्यावर ती पाणी मागते का, इकडे माझं लक्ष. एकदा ठेचा खाताना तिने सुस्कारा सोडला आणि माझा घास हातात राहिला. "मिरची तिखट आहे," ती म्हणाली, "तुम्ही काय बघताय असे?"

गणपती झाले, दिवाळी झाली. एका रविवारी गच्चीवरची टाकी भरली का बघायला मी जिना चढत होतो. दाराच्या आत थांबलो, कारण माझ्यावरच बोलणं चाललं होतं.

"आमच्या ह्यांनी औषध आणलंय," बायको सांगत होती. "त्यांच्या लॅबमधलं आहे. मशेरीचं जे काय वाईट असतं ना, ते मारून टाकतं. आता लावा बिनघोर."

"मंग तर दोन येळा जास्ती लावायला हरकत नाही," मावशी म्हणाल्या.

"तेच तर. मी दुपारची बंद केली होती, परत सुरू केली."

कोळीण म्हणाली, "मना पन दे गो थोऱ्या गोल्या. माजा त्वांड जालतंय. मिर्ची खावाला व्हत न्हाय."

"घे की. बाटलीच घे. हे दुसरी आणतील."

मी तसाच खाली उतरलो. टाकी भरली का ते बघितलंच नाही. मशेरी कमी व्हावी म्हणून आणलेल्या गोळ्यांनी मशेरी वाढवली होती, तीही माझ्या नोकरीच्या भरवशावर, आणि आता त्या टोपलीतून चौकाला निघाल्या होत्या. पुढे काही वर्षांनी मॅडमकडूनच कळलं की परदेशात सिगारेट ओढणाऱ्यांना अशा नारिंगी गोळ्या देऊन पाहिल्या तेव्हा फायदा तर सोडाच, फुप्फुसाचा कॅन्सर थोडा वाढलेलाच दिसला. पण त्या दिवशी मला एवढंच कळलं होतं की माझ्या बायकोच्या ओठात चट्टा आहे, आणि ती माझ्यावर विश्वास ठेवून त्याच्यावर बोट फिरवते आहे.

सोमवारी मी मॅडमच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चट्टा कधी दिसला?"

"गणपतीच्या आधी."

"एन्झाइम मोजायला तिचं रक्त आणलंत. तिचं तोंड आणायला काय झालं होतं?"

त्यांनी तिथूनच ओपीडीला फोन लावला.

बायकोला मी घरी फक्त दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय एवढंच सांगितलं होतं. बाकावर बसल्यावर तिने आजूबाजूला बघितलं. एकाचा गाल बांधलेला होता. एक बाई रुमाल तोंडाशी धरून बसली होती. बायको माझ्याकडे वळली.

"इथे दात काढत नाहीत."

"नाही."

"माझ्या तोंडात काय आहे?"

मी सांगितलं. चट्टा, मशेरी, तुकडा, काट्यावरचा आकडा, सगळं एका दमात.

"पण बोट कापलं होतं तेव्हा फेस तर आला होता," ती म्हणाली.

"फेस सगळ्यांनाच येतो."

तिने विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत?"

"गणपतीच्या आधीपासून."

"त्या दिवशी चमच्याने बघितलंत, तेव्हा?"

"हो."

"आणि नाही म्हणालात."

"तू घाबरशील म्हणून."

"तोंड माझं होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तिचं नाव पुकारलं तेव्हा मीही उठलो. "तुम्ही बसा," म्हणाली आणि एकटी आत गेली.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते लिहून उपयोग नाही. घरात ती माझ्याशी बोलत होती, पण कामापुरतं. गॅस संपलाय. मुलीची फी भरायची आहे. डबी मोरीच्या फळीवर तशीच होती. तिने ती उघडली नाही, फेकलीही नाही. सकाळी चहा पिऊन ती मोरीच्या दारात उभी राहायची, हात पुढे जायचा, मागे यायचा. पोटाचा त्रास झाला, डोकं दुखलं, मुलीवर विनाकारण खेकसली. मी मदत करायला गेलो की म्हणायची, "तुम्ही राहू द्या."

कॅन्सर नव्हता. पेशी बदलायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी चट्टा काढून टाकला आणि सांगितलं की मशेरी कायमची बंद, आणि बघत राहायचं. "किती दिवस?" तिने विचारलं. "बघतच राहायचं," ते म्हणाले.

टाके सुटल्यावर ती मला म्हणाली, "चौकाला जायचं. तुमची बाटली तिकडे गेलीय. तुम्हीच सांगा तिला."

उत्तनच्या बसने आम्ही गेलो. कोळणीच्या घरासमोर बांबूवर बोंबील वाळत होते. ती घाईत होती. मी सांगायला लागलो की गोळ्यांचा काही उपयोग नाही, मशेरी सोडा, तोंड दाखवून घ्या.

"गोल्या कवाच सरल्या," ती म्हणाली. "तूच दिल्यास ना रं भाऊ? आता तूच न्हाय म्हनतंस?"

"माझी चूक झाली."

"आ कर," माझी बायको तिला म्हणाली. तिने तोंड उघडलं. दोन बोटं जेमतेम आत जातील एवढंच उघडलं. तोंड असं आखडणंही चांगलं लक्षण नाही, हे मला माहीत होतं. मी इस्पितळाचा पत्ता दिला, कुठल्या दाराने आत यायचं ते सांगितलं, मी स्वतः तिथे उभा राहतो म्हणालो. "येन की," ती म्हणाली. त्या मोसमात ती आमच्या बिल्डिंगकडे आली नाही, इस्पितळातही नाही. नंतर एकदा कुणीतरी सांगितलं की ती तारोडीला मुलीकडे असते, बरी आहे. बरी म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

गच्चीवरचं भाजणं बंद झालं. मावशी आपली मिश्री आता बाजारातून तयार आणतात आणि आमच्या दारावरून जाताना पदर तोंडाला लावतात. बायकोने तवा टाकला नाही. त्याच्यात माती घालून तिने कढीपत्ता लावायचा प्रयत्न केला, तो जगला नाही. आता तवा पुन्हा पालथा आहे.

आता हे दशकही संपत आलंय, मुलगी दहावीला आहे. महिन्यातून एकदा, सकाळी बाल्कनीत ऊन आलं की बायको खुर्ची ओढून बसते, मान मागे टाकते. मी चमचा आणि टॉर्च घेऊन तिच्यासमोर उभा राहतो. त्या दिवसानंतर तिने मला एकच अट घातली आहे. जे दिसेल ते तिथल्या तिथे, मोठ्याने सांगायचं. मी सांगत जातो. वरचा ओठ, काही नाही. उजवा गाल, काही नाही. टाक्यांची जागा, तशीच आहे. माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटतो, पण मी थांबत नाही.

गेल्या रविवारी डाव्या गालाशी आल्यावर मी थांबलो.

"काय?" तोंड उघडं ठेवूनच तिने विचारलं.

"डावीकडे पांढरं आहे."

"दूध प्यायलेय."

तिने चूळ भरली, परत बसली, परत आ केला. मी चमच्याने हळूच पुसलं. मग तिनेच माझ्या हातातला चमचा घेतला, आपण पुसलं आणि म्हणाली, "बघा."

मी टॉर्च जवळ नेला. मनात जुना शब्द तयार होता, अगदी ओठांवर.

"आहे," मी म्हणालो. "पुसलं तरी आहे. तांदळाच्या दाण्याएवढं."

तिने तोंड मिटलं, खुर्ची आत ठेवली. समोरच्या बेनच्या घरातून रेडिओ ऐकू येत होता.

"उद्या तुमच्याबरोबरच निघते," ती म्हणाली. "आणि आत तुम्हीही या."